खंजिरीचा दिवस

आमचा एक माजी विद्यार्थी सध्या अमेरिकेत, वॉशिंग्टन शहराजवळ नोकरीला आहे. मूळचा अकोट तालुक्यातला. बी. ए.ला त्याचा विषय मराठी वाङ्मय होता. पुढे तो संगणकाकडे वळला, परंतु पत्रे मात्र अजून मराठीत आणि लांबलचक लिहितो. मध्यंतरी त्याने एका रविवारचे वर्णन लिहून पाठवले. चर्चच्या तळघरातला एक सभागृहवजा हॉल, दुपारी बारापासून रात्री दहापर्यंत चाललेला 'हार्डकोअर पंक' नावाच्या संगीताचा कार्यक्रम, एकामागून एक दहा-बारा वाद्यवृंद. प्रत्येकाला जेमतेम वीस मिनिटे. गाणे मिनिट-दीड मिनिटाचे. मंच गुडघ्याएवढा उंच. कुठे कुठे तर तोही नाही. गायकाने माईक पुढे झुकवला की समोरची पाचदहा पोरे त्यात तोंड घालून पुढची ओळ म्हणतात. आत्ता ज्याने ढोल बडवला तो पुढच्या क्षणी घाम पुसत श्रोत्यांत उभा. दारावर पैसे घेणारी मुलगी संध्याकाळी गिटार घेऊन मंचावर. हॉलमध्ये दारूचा थेंब नाही. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, 'सर, दिवसभर मला आपल्याकडच्या खंजिरी भजन स्पर्धेचीच आठवण येत होती.'

आम्ही हसलो. आम्ही दोघेही अमरावतीला मराठी शिकवतो, आणि तुलनेचा मोह हा आमच्या विषयाला जडलेला जुना रोग आहे हे पुरते जाणून आहोत. कुठे भगवी टोपी घालून मांडी ठोकून बसलेले भजनी मंडळ आणि कुठे अंगभर गोंदवून घेतलेली ती पोरे! पण हसणे फार वेळ टिकले नाही. कारण २०१९ च्या जानेवारीत, पूर्णाकाठच्या एका गावात, अशाच एका दिवसभराच्या स्पर्धेला आम्ही परीक्षक म्हणून बसलो होतो, आणि त्या दिवसाचे एक ओझे आमच्या मनावर आहे. विद्यार्थ्याच्या पत्राने ते हलले. म्हणून हा लेख.

आधी त्या परक्या संगीताविषयी थोडे, कारण आमच्या बहुतेक वाचकांना ते आमच्याइतकेच अपरिचित असणार. पंक हे न्यूयॉर्क आणि लंडन या शहरांतले १९७५-७७ च्या सुमाराचे प्रकरण. रॉक संगीत तोवर श्रीमंत झाले होते, स्टेडियममध्ये शिरले होते; ज्याला तीन सूर वाजवता येतात त्यानेही मंचावर यावे, असे म्हणत ही मंडळी आली. थोड्याच वर्षांत पंकही कंपन्यांच्या हाती गेले, तेव्हा त्याहून वेगवान, त्याहून आखूड आणि त्याहून कर्कश असे हार्डकोअर पुढे आले. कॅलिफोर्नियात ब्लॅक फ्लॅग, वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय तरुणांचा बॅड ब्रेन्स आणि शाळकरी वयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांचा मायनर थ्रेट. या पोरांपैकी इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८० मध्ये डिस्कॉर्ड नावाची स्वतःची ध्वनिमुद्रिका-संस्था काढली, कारण दुसरे कोणी त्यांच्या मुद्रिका काढणार नव्हते. मायनर थ्रेटचे १९८१ चे एक गाणे पाऊण मिनिटाचे आहे आणि त्यात सांगितले आहे ते एवढेच, की मी दारू पीत नाही, नशा करीत नाही. त्या गाण्याच्या नावावरून निर्व्यसनी राहणाऱ्या तरुणांचा एक पंथच तयार झाला. कायद्याने अल्पवयीन असलेल्यांना दारू मिळू नये म्हणून दारावर त्यांच्या हातावर फुली काढीत. या पोरांनी ती फुली आपली खूण म्हणून मिरवली. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या प्रसिद्ध जागेत रविवारी दुपारी असे कार्यक्रम होत. दुपारची वेळ असल्याने लहान पोरांनाही येता येई. २००६ मध्ये ती जागा बंद झाली.

कर्कश तालवाद्य आणि व्यसनमुक्ती! वऱ्हाडातल्या माणसाला ही जोडी ओळखीची वाटू नये तर काय? आमच्या विद्यार्थ्याला खंजिरी आठवली ती उगाच नव्हे.

खंजिरी (आमच्याकडे सर्रास 'खंजेरी' म्हणतात) हे भजनपरंपरेतले तसे गरीब वाद्य. वीणा, मृदंग यांना जो मान, तो तिला नाही. लाकडाचे कडे, त्याच्या एका तोंडावर ताणलेले कातडे, कडेला खाचांत बसवलेल्या धातूच्या चकत्या. एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवायची. चालता चालता वाजवता येते, झोळीत टाकून भिक्षेला नेता येते. पूर्वी तिला घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बेकायदा ठरले आणि बकरीचे किंवा प्लास्टिकचे पडदे आले. जुने वाजवणारे या बदलाबद्दल अजून कुरकुरतात. आवाजात 'पाणी' राहिले नाही, म्हणतात. घोरपडीच्या बाजूने विचार केला तर कायदा बराच म्हणावा लागेल.

या गरीब वाद्याला वऱ्हाडात जे स्थान मिळाले ते एका माणसामुळे. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला १९०९ मध्ये जन्मलेला माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा वरखेडच्या आडकोजी महाराजांकडे राहिला, त्यांनी दिलेल्या नावाने 'तुकड्यादास' झाला, रानोमाळ हिंडला आणि खंजिरी घेऊन गावोगाव भजने म्हणू लागला. १९३५ मध्ये अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९३६ मध्ये ते सेवाग्रामला गांधीजींच्या सहवासात राहिले. पुढची हकिकत महाराष्ट्राला साधारण ठाऊक आहे: १९५५ ची 'ग्रामगीता', तिचे ४१ अध्याय, 'राष्ट्रसंत' ही पदवी, १९६८ मधले महानिर्वाण. वाङ्मयाच्या इतिहासांत तुकडोजी महाराजांची नोंद होते ती बहुधा या ग्रंथाच्या आधारे. ओवीसंख्या, विषय, भाषा, झाले. विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत लिहितात, आम्ही गुण देतो.

वस्तुतः १९४२ मध्ये ग्रामगीता अस्तित्वात नव्हती. त्या वर्षी १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर आणि आष्टी येथे लोक पोलिस ठाण्यांवर चालून गेले. यावलीतही रक्त सांडले, म्हणून ते गाव आज 'यावली शहीद' म्हणून ओळखले जाते. या भागात त्या काळात तुकडोजी महाराजांची भजने गाजत होती. ऑगस्ट संपण्यापूर्वीच सरकारने त्यांना अटक केली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. ते सुटले डिसेंबरात. ज्याच्या नावावर तोवर मोठा ग्रंथ नव्हता, ज्याच्याजवळ पक्ष नव्हता, वर्तमानपत्र नव्हते, अशा माणसाला साम्राज्य तुरुंगात घालते तेव्हा ते कशाला भीत असते? आमच्या मते शब्दांना तर भीत असतेच, पण त्याहून अधिक भीत असते ते एका तालात आलेल्या हजार माणसांच्या गळ्याला. भजनात पुढच्याने ओळ टाकायची आणि मागच्यांनी ती उचलायची. उचलली की ती त्यांची झाली. सभेत भाषण ऐकून माणूस श्रोता म्हणून घरी जातो; भजनातून तो म्हणणारा होऊन जातो. पोलिसांच्या टिपणात वक्त्याचे वाक्य उतरवता येते, पण एकाच वेळी हजारांनी म्हटलेल्या ओळीखाली नाव कोणाचे लिहायचे?

याच जिल्ह्याने आणखी एक उदाहरण दिले आहे, आणि ते तर अधिक कठीण आहे. शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगे महाराज. सकाळी गावात यायचे, कोणाला न सांगता झाडू घेऊन गाव झाडायला लागायचे, दिवसभर झाडायचे आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेत कीर्तन करायचे. कीर्तनात प्रश्न विचारायचे, लोकांकडून उत्तर काढायचे, उत्तर पटेपर्यंत पुन्हा विचारायचे. त्यांनी ग्रंथ लिहिला नाही, शिष्य केला नाही, गादी ठेवली नाही. प्रबोधनकार ठाकरे आणि गो. नी. दांडेकर यांच्यासारख्यांनी त्यांच्यावर लिहिले म्हणून, आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्र्याच्या पोलिस ठाण्यात झालेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले म्हणून, आज आपल्याला थोडे कळते. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. आज विदर्भातली दोन विद्यापीठे या दोघांच्या नावाने आहेत, अमरावतीचे गाडगेबाबांच्या आणि नागपूरचे तुकडोजी महाराजांच्या. दोघेही आयुष्यभर उभ्याने, लोकांसमोर, आवाजाने काम करणारे. आणि आम्ही, त्यांच्या नावाच्या विद्यापीठांत शिकवणारे, कागदावर जे उरले तेवढ्यालाच वाङ्मय म्हणतो.

असो. स्पर्धेकडे येतो.

त्या पहाटे आम्ही वलगावचा तो पूल ओलांडूनच दर्यापूरच्या दिशेने गेलो होतो. गाव खारपाणपट्ट्यातले, विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, काळी जमीन मात्र कापसाची. शाळेच्या पटांगणात मांडव, वर हिरवे नेट, मंचावर गादी आणि तुकडोजी महाराजांची तसबीर. नोंदणी सकाळी आठपासून. पुरुष, महिला, बाल असे तीन गट, मिळून चाळीसच्या वर मंडळे. दोन भजने, एक मराठी, एक हिंदी; वेळ बारा मिनिटे. वेळ संपली की शिट्टी. मंडळे टाटा मॅजिकमध्ये कोंबून आलेली, काही एसटीने, एक तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. भेटले की 'जय गुरू'. मांडवामागे मोठ्या कढईत आलूवांग्याची भाजी शिजत होती. येणाऱ्या प्रत्येकाला जेवण, मग तो गाणारा असो की नसो.

दहाच्या सुमारास जे सुरू झाले ते रात्री एकला संपले. कानांची स्थिती काय झाली असेल, याची कल्पना करावी. पेटी, तबला, टाळ, झांज आणि त्यांवर खंजिरी. दोन मोठे भोंगे थेट आमच्या मेजाच्या दोन्ही बाजूंना. खंजिरीवाला बसून वाजवत नाही. तो गुडघ्यावर येतो, खंजिरी डोक्यावरून फिरवतो, वर उडवून झेलतो, कोपरावर, कपाळावर, टाचेवर आपटतो आणि ताल चुकू देत नाही. याच अकोट तालुक्याने सप्तखंजिरी वाजवणारे सत्यपाल महाराज दिले; त्यांच्या प्रबोधनाचा धाक एवढा, की २०१७ मध्ये मुंबईत त्यांच्यावर चाकूहल्ला झाला. त्यांची नक्कल करणारी दहा-बारा वर्षांची निदान पाच पोरे आम्ही त्या दिवशी पाहिली. बायकांच्या मंडळांत खंजिरी बहुधा सर्वांत तरुण सुनेच्या हाती. एका मंडळाची पेटीवाली बाई गाता गाता मांडीवरच्या लेकराला थोपटत होती. आणि आमच्या विद्यार्थ्याने पत्रात लिहिले तेच इथेही खरे होते: मंचावरून उतरलेले मंडळ समोर सतरंजीवर बसे आणि पुढच्या मंडळाची ओळ उचलू लागे. प्रतिस्पर्ध्याची ओळ! दुपारनंतर श्रोते वेगळे आणि गाणारे वेगळे, अशी रेघ आम्हांला काढता येईना. केवळ ऐकणारे असे त्या मांडवात आम्ही तीन परीक्षकच उरलो होतो.

एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. संध्याकाळी आमच्या मांडवाचा भोंगा क्षणभर थांबला तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाकडून दुसरा भोंगा ऐकू आला. तिकडे बुद्धविहाराजवळ भीमगीते लागली होती. वऱ्हाडच्या गावांत हा दुसरा स्वर तितकाच जुना आणि तितकाच आपल्या बळावर उभा आहे. १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. पुढच्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे उभे राहिले. आणि सिन्नर तालुक्यातल्या वामनदादा कर्डकांची गाणी (वामनदादा २००४ मध्ये गेले) वऱ्हाडातल्या घराघरांत पाठ झाली. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना सर्व जातींना एका सतरंजीवर बसवण्यासाठी होती, हे खरे. त्या दिवशी दोन भोंगे दोन टोकांना होते, हेही खरे. आयोजकांपैकी एका तरुणाला आम्ही विचारले, तिकडचे कोणी स्पर्धेत आहे का? तो म्हणाला, 'आहेत न सर, तबल्यावर पाह्यलं नाई का?' आम्ही पाहिले नव्हते.

आम्ही काय पाहत होतो? आम्ही कागद पाहत होतो. आमच्यासमोर गुणपत्रक होते, शंभर गुणांचे: स्वर, ताल, खंजिरीवादन, शिस्त व वेशभूषा आणि शब्दशुद्धता, प्रत्येकी वीस. मराठीचे प्राध्यापक म्हणून शब्दशुद्धतेचा रकाना आमच्याकडे. आयोजकांनी छापील भजनसंग्रह मेजावर ठेवलाच होता. ओळ ऐकायची, पुस्तकात पाहायची, चुकली की गुण कापायचा. पाठचिकित्सा शिकवण्यात आमची वीस वर्षे गेली आहेत. आम्हांला वाटले, हे काम आमच्याइतके नेमके कोण करणार?

रात्री दहाच्या सुमारास तेल्हाऱ्याकडचे एक मंडळ आले. सारे साठीच्या पुढचे. पेटीची एक पट्टी दबत नव्हती, खंजिरीवाला उभा राहिला तेव्हा त्याचा गुडघा वाजला तो आम्हांला ऐकू आला. उडवणे-झेलणे काही नाही. सरळ, जड, एकसारखा ठेका. मराठी भजनाच्या तिसऱ्या कडव्यात त्यांनी छापील ओळ सोडून दुसरीच म्हटली. पुस्तकात शेतकऱ्याला कष्टाचा उपदेश होता; यांच्या ओळीत फाशीचा दोर आणि 'थांब' असा शब्द होता. शिवाय ती ओळ त्यांनी एकदा नव्हे, चारदा म्हटली, आणि समोरच्या सतरंजीने ती चारदा उचलली. आम्ही वीसपैकी नऊ दिले. घोळवल्याने बारा मिनिटे संपली, शिट्टी वाजली, शिस्तीचेही गुण गेले.

निकालानंतर चहा घेताना त्या मंडळातले एक आजोबा आमच्याजवळ येऊन बसले. तक्रार नव्हती, गुणांचा आकडा आयोजकांकडून कळला होता आणि त्यांना नुसते समजून घ्यायचे होते. आम्ही पुस्तक उघडून ओळ दाखवली. त्यांनी ती बोट ठेवून वाचली, मान हलवली आणि म्हणाले, 'हे बरोबरच हाये सर. आमी बी पयले असंच म्हनत होतो.' मग त्यांनी सांगितले ते असे: ज्या वर्षी पंतप्रधान विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांना पॅकेज जाहीर झाले त्याच वर्षी, म्हणजे २००६ मध्ये, त्यांच्या मंडळाच्या तबलजीने गळफास घेतला. तेराव्याला भजनाला बसले तेव्हा ती छापील ओळ कोणाच्या तोंडातून निघेना. कष्ट करण्यात तो कधी कमी पडला नव्हता. त्यांच्या म्होरक्याने तिथल्या तिथे दुसरी ओळ लावली. म्होरक्याही आता नाही. 'तवापासून तशीच म्हनतो. गावोगाव म्हनतो. कोनी आयकत असन त आयको.'

आम्ही म्हणालो, आम्हांला हे माहीत नव्हते. ते म्हणाले, 'तुमी कागदाकडंच पाहून रायले होते न.' यातही राग नव्हता.

मराठीच्या अभ्यासकाला अशा वेळी जे सुचते तेच आम्हांला सुचले. अनियतकालिकांच्या चळवळीत अशोक शहाण्यांच्या 'असो'सारख्या अंकांचे एकेक पान जपून ठेवणारे लोक आम्ही. आमच्या विद्यार्थ्याच्या पत्रातल्या त्या पंक पोरांचीही हातांनी जुळवलेली, झेरॉक्स केलेली नियतकालिके असतात आणि तिकडची ग्रंथालये ती आता गोळा करतात. या मंडळाचीही वही असणारच. भजनी मंडळांच्या वह्या आम्ही पाहिल्या आहेत. प्लास्टिकचे आवरण, तेलाचे डाग, तीन पिढ्यांची तीन अक्षरे. ती ओळ तिथे तारखेसह मिळाली तर नोंदवता येईल, पाठभेद म्हणून प्रसिद्ध करता येईल. आम्ही वही मागितली.

आजोबांनी पिशवीतून लगेच काढून दिली. आम्ही भोंग्याखालच्या दिव्याजवळ जाऊन पान शोधले. भजन होते. तिसरे कडवे होते. ओळ पुस्तकात होती तीच, शब्दन् शब्द छापील.

आम्ही परत येऊन विचारले, नवी ओळ यात कुठे आहे?

'ते कायले लिहा लागते?' ते म्हणाले. 'ते त पाठ हाये.'

वही पिशवीत गेली. ट्रॅक्टर सुरू झाला होता. मागे ट्रॉलीत बसलेल्यांनी त्यांना हात देऊन वर ओढले. गाव सुटेपर्यंत खंजिरी वाजत होती.